चौदाचा पाढा

माझी जीप काळीपिवळी. फुलसावंगी ते महागाव, अन् मधी आमच्या तांड्याचा फाटा. लोक म्हणतात संजय ड्रायव्हर तोंडाचा फाटका हाये. हायेच. दिवसभर गिअर अन् गिऱ्हाईक दोन्ही सांभाळणाऱ्यानं वर गोड बोलावं म्हणता? पण तांड्यातून कोण गेलं, कोण परत आलं अन् कोण गेलं ते गेलंच, हे माझ्याइतकं कोणाले ठाऊक नाही. म्हणून रामीकाकीची गोष्ट मीच सांगतो. दुसरा सांगन तर तिले देवी करून टाकन, अन् काकी काही देवी नाही. हट्टी बाई हाये, एक नंबरची.

काकी म्हणजे माझ्या चुलत्याची बायको. चुलता जाऊन लय वर्षं झाली. पोरगा एकच, उत्तमसिंग. दिवाळी झाली की तो अन् त्याची बायको ऊसतोडीले जातात, उन्हं तापल्यावर परत येतात. त्याची पोरगी उज्ज्वला काकीच्याच मांडीवर वाढली. आम्ही तिले उजी म्हणतो. काकीचं पोट्टीवर इतकं ध्यान, की उजीले शिंक आली तरी काकी वावरातून घरी यायची.

आता ढावलो काय असते ते सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. आमच्या बंजारा लोकात लग्नाची पोरगी सासरी निघाली की ढावलो गाते. गाते म्हणजे रडते, पण सुरात. आईच्या गळ्यात पडून आईचं, भावाच्या गळ्यात पडून भावाचं, दारची शेळी दिसली तर तिचंही. शब्द तिनं स्वतः जोडायचे. पण चाल अन् दम, हे शिकावं लागते. म्हणून लग्न ठरलं की पोरगी जाणत्या बाईजवळ जाऊन बसते. जी ढावलो न गाता गेली तिले सासरचे म्हणतात, मुकी आली. अन् म्हातारी होईपर्यंत म्हणतात, सोडत नाहीत.

आमच्या भागात जाणती बाई म्हणजे रामीकाकी. तिचा सूर ऐकून बैल चारा सोडायचे, असं माझी आई सांगे. आई जरा वाढवूनच सांगे. पण लहानपणी एका लग्नात काकीनं चाल धरलेली मी ऐकली हाये. माझा बाप त्याच्या बापाच्या मयतीत रडला नव्हता, तो त्या दिवशी भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. एवढं मी माझ्या डोळ्यानं पाहिलं.

अन् हीच बाई दळताना, निंदताना, तुरी झोडताना पाढे म्हणायची. लग्नाची गाणी नाही, देवाची नाही, पाढे. दोनपासून सुरू करायची अन् तेरा दाहे एकशे तीसवर थांबायची. मंग चूप. आम्ही पोट्टे तिले चिडवायचो, काकी चौदाचा म्हण ना. तिनं एकदाच उत्तर दिलं. म्हणे, चौदा माझ्या वाट्याले आला नाही.

ती पैनगंगेच्या काठच्या तांड्यातली. तिथं शाळा म्हणजे निंबाचं झाड अन् सायकलवर येणारा एक मास्तर. पाढे तोंडपाठ करून घेण्यात तो मास्तर वस्ताद. एका दिवशी वर्गात चौदाचा पाढा सुरू झाला, अन् काकीची याडी तिले न्यायले आली. याडी म्हणजे आई. समोरच मोहाच्या झाडाखाली दोन म्हाताऱ्या बसलत्या, पोरीले ढावलो शिकवायले. काकी म्हणते, "मले वाटलं दुपारच्यानं परत वर्गात बसायचं हाये. पाटी मी तिथंच ठेवून आलती." निंबाखालून चौदाचा पाढा ऐकू यायचा, अन् मोहाखाली तिनं रडण्याची चाल शिकायची. पोट्टी मधी बसलेली, एक कान इकडं, एक तिकडं. म्हाताऱ्याइनं तो कान पिळला, अन् चौदा तिथंच राहिला.

त्या रडण्यात मात्र ती अशी तयार झाली, की सासरी आल्यावर चार तांड्यांच्या पोरी तिच्याकडं शिकायले येऊ लागल्या. काकीले त्याचा लय अभिमान. का नसावा? बाईच्या हाती तेवढंच एक होतं, जे मागायले नायकालेसुद्धा तिच्या दारात यावं लागे.

अन् नायक आलाच. आमच्या तांड्याचा नायक, म्हणजे मुखिया, धावजी. पोरगी विजयमाला, नववीत. लग्न ठरलं, तारीख धरली, अन् पोरगी काकीच्या अंगणात येऊन बसली. तवा तांड्याची शाळा काकीच्या घराले लागूनच होती, आताही तिथंच हाये. काकीनं चाल धरली, म्हणे म्हण माझ्यामागं. विजयमालाचे ओठ हालत होते, पण सूर लागेना. काकीनं कान जवळ नेला. पोट्टी शाळेतल्या लेकरांसोबत चौदाचा पाढा पुटपुटून राह्यली होती.

काकी उठली. तिनं विजयमालाचा हात धरला अन् तिले सरळ तिच्या बापापुढं नेऊन उभी केली. म्हणे, दहावी झाल्याबिगर मी कोणाच्याच पोरीले ढावलो शिकवणार नाही. तुझ्याही नाही.

धावजी नायक तवा भर जवानीतला, मिशा वर. काय बोलला नसन तो? तुझी भाकर तांड्याच्या जिवावर, तू कोण मोठी कलेक्टर, सगळं बोलला. पण नायकाची पोरगी मुकी गेली असं झालं तर मिशा खाली येतात. लग्न थांबलं. एकदा थांबलं ते दहावीपर्यंत, मंग बारावीपर्यंत, मंग मास्तरकीची पदवी होईपर्यंत. अन् मंग काकीनं विजयमालाले असा ढावलो शिकवला, की नवरदेवाकडच्या बायाही रडल्या. आज विजयमालाबाई आमच्याच तांड्याच्या शाळेत शिकवतात. धावजी आता सगळ्याइले सांगतो, पोरीले शिकवायचं डोकं माझंच. मी त्याले जीपमधी पुढची सीट देतो. नायक हाये.

पण काकीच्या नियमानं सगळ्या पोरी शिकल्या, असं नाही. खोटं कायले सांगू? काही जण दुसऱ्या तांड्यातून जाणती बाई आणायचे. काही पोरी मुक्याच गेल्या. माझ्याच जीपमधी गेल्या, हळदीच्या अंगानं, अन् मी आरशात पाहिलं की त्याइचे डोळे फाट्याकडं. काहींनी मात्र दहावीचा पेपर देऊनच लग्न केलं, ढावल्यासाठी का होईना. अन् एकदा पेपर दिला की पोट्टीच्या तोंडाले जे 'नाही' म्हणायचं वळण लागते, ते काही जात नाही. माझी बायको त्यातलीच. तिचं 'नाही' मी रोज ऐकतो.

आता उजीचं. पोट्टी बारावी झाली, चांगल्या टक्क्यांनी. यवतमाळले नर्सिंगचा फॉर्म विजयमालाबाईनं भरून देल्ला होता. अन् त्याच हप्त्यात दारव्ह्याकडून स्थळ आलं. पोरगा बरा, घर बरं. पोराच्या आजीनं जुन्या काळी काकीचा ढावलो ऐकलेला. तिची एकच अट होती, पोरगी रामीबाईच्या घरची, तर ढावलो रामीबाईचाच पाहिजे. तिच्या घराण्यात त्याची गोष्ट निघाली पाहिजे.

उत्तमसिंग वाईट नाही. त्याचं भेव खरं होतं. तो मले म्हणे, "संजय, पोरगी यवतमाळात एकटी अन् आम्ही उसाच्या फडात. तिले काही झालं तर मी कोयता टाकून कसा पळू?" अन् तांडा काकीच्या मागं लागला. तुझा नियम दहावीचा, उजी बारावी झाली, आता तर शिकव. तिचाच नियम तिच्या गळ्यात पडला.

अन् एक गोष्ट होती, जी फक्त मले ठाऊक. काही वर्षं आधी काकी माझ्यासोबत बाजारले निघालती, पुढच्या सीटवर. बोलता बोलता म्हणे, "संजय, माझ्या डोक्यात एक ढावलो हाये. सगळ्यात चांगला. कोणालेच शिकवला नाई. उजीसाठी ठेवला." अन् तिनं खिडकीकडं तोंड फिरवलं. वाऱ्यानं डोळ्यात पाणी आलं म्हणे. अरे, काच तर पुरी लावलेली होती.

म्हणजे बाईचा जीव दोन्हीकडं ओढत होता. पोट्टीचं लग्न झालं तर जन्मभर जपलेलं गाणं बाहेर येणार होतं, उजीच्या तोंडून. कोणत्या म्हातारीले हे नको असन? माझ्या मते रामीकाकीले ते सगळ्यात जास्त हवं होतं. पण तिनं उजीले जवळ बसवून सरळ विचारलं, तुले काय पाहिजे? उजी म्हणे, "दादी, मले यवतमाळले जायचं हाये." दुसरं काही नाही. काकीनं मान हालवली अन् चुलीत लाकूड सारलं.

पाहुणे आले. आमच्यात लग्न पक्कं करताना गूळ खातात. एकदा गूळ तोंडात गेला की मागं फिरता येत नाही. धावजी नायकाच्या ओट्यावर सगळे बसले, परातीत गूळ ठेवला. मीही होतो, पाहुणे माझ्याच जीपनं आलते. पोराची आजी, चांदीच्या कड्या, पांढरेशुभ्र केस, काकीकडं पाहून म्हणे, रामीबाई, गूळ खायच्या आधी एक चाल धर, लय वर्षं कान तरसले. उजी दाराच्या चौकटीत उभी होती. काकीनं तिच्याकडं पाहिलं. मले वाटलं आता सूर निघतो.

काकी म्हणे, "मले ढावलो येत नाई. विसरली मी."

म्हातारी हसली. म्हणे, थट्टा करू नको, नुसती चाल तरी. काकी म्हणे, "चालही गेली. सगळंच गेलं. ह्या घरातून आता ढावलो निघणार नाई."

तिथल्या प्रत्येकाले कळलं की ही खोटं बोलून राह्यली. अन् ती का खोटं बोलून राह्यली, हेही कळलं. पण चार तांड्यांच्या लोकांपुढं, नायकाच्या ओट्यावर, गुळाच्या परातीपुढं बाईनं शब्द टाकला होता. आमच्यात असा शब्द परत उचलत नाहीत. पोराच्या आजीनं काकीकडं लय वेळ पाहिलं. रागावली असं मले नाही वाटलं. ती उठली, काकीच्या डोक्यावरचा पदर नीट केला, अन् पाहुणे गूळ न खाता निघाले. मीच त्याइले दारव्ह्यापर्यंत सोडून आलो.

उत्तमसिंग मात्र भडकला. काही दिवस आईशी बोलला नाही, जेवायलेही माझ्या घरी आला. मी त्याले दोन शिव्या घातल्या, त्यानं मले चार. मंग एका सकाळी येऊन म्हणे, चल, यवतमाळचं ते होस्टेल पाहून येऊ, भिंती किती उंच हायेत ते पाहतो. पाहून आला. येताना उजीसाठी एक बादली अन् एक कुलूप घेऊन आला.

अन् काकीनं शब्द पाळला. मधी तांड्यात एक लग्न झालं. पोरीनं दहावी केली होती, बाया पाया पडल्या, म्हणे शिकव. काकी म्हणे, विसरली. तिच्या डोक्यात सगळं होतं, ओठापर्यंत येऊन थांबत होतं, मले दिसत होतं ना. ज्यासाठी चार लोक तिले ओळखत होते, ते तिनं आपल्याच तोंडानं पुसलं. शाळेच्या भिंतीले टेकून बसायची अन् पाढे म्हणायची. तेरापर्यंत.

उजी निघाली त्या सकाळी सगळा तांडा जीपजवळ. काकीनं आधीच ताकीद देल्ली होती, कोणी रडायचं नाही, हे लग्न नाही. बाया पदर तोंडात धरून उभ्या. उजीनं बॅग ठेवली, बादली ठेवली, बापाच्या पाया पडली. मंग गेली अन् काकीच्या गळ्यात पडली. अन् तिनं सूर धरला.

ढावल्याचा सूर. तोच, काकीचा. कोणी शिकवला नव्हता, पण त्या घरात वाढलेल्या पोट्टीले शिकवायले कशाले पाहिजे? बाया दचकल्या. लग्न ठरलं नसताना पोरीनं ढावलो गाणं म्हणजे अपशकुन. विजयमालाबाई तिले आवरायले पुढं आल्या, अन् जवळ जाताच थांबल्या, तोंडावर हात. मी जीपचं दार धरून बाजूलेच होतो. मले शब्द ऐकू आले.

"चौदा एके चौदा, गं दादी... चौदा दुणे अठ्ठावीस... चौदा त्रिक बेचाळीस, गं दादी..."

लांबच्या लोकाइले फक्त चाल ऐकू जात होती. बाया ढसाढसा रडायले लागल्या. धावजी नायक डोळे पुसत म्हणे, वा, काय शब्द जोडले पोट्टीनं. मले हसू येऊन राह्यलं होतं अन् रडूही. काकीचे ओठ हालत होते, पोट्टीच्या मागून मागून, एकेक ओळ. चौदा पाचे सत्तर. चौदा साते अठ्ठ्याण्णव. जशी शाळेत बसलेली. चौदा नव्वे एकशे सव्वीस झालं अन् उजी थांबली. तिच्या कानाशी म्हणे, "दाहे किती, ते मी परत आल्यावर."

अन् येऊन जीपमधी बसली. मी आरशात पाहत राहिलो. वळण येईपर्यंत काकी तिथंच होती, ओठ हालतच होते.

उजी अजून आली नाही. दिवाळीले यायची होती, पण तिथं ड्यूट्या लागल्या. फोन करते. तिच्या आवाजात आता पहिल्यासारखी चुळबुळ नाही, बीपी-बिपी काय काय बोलते. काकी रोज संध्याकाळी माझ्या शेवटच्या फेरीले फाट्यावर येऊन बसते. उतरणाऱ्याइले एकेक करून पाहते. कोण नाही ते पाहून झालं की उठते. जीव तुटतो माझा, मी हॉर्न वाजवतो.

पाढे आता चौदा नव्वेपर्यंत जातात, अन् तिथं थांबतात. परवा शाळेतलं एक टिल्लं पोट्टं पुढची ओळ ओरडलं, तर काकी त्याच्यामागं काठी घेऊन धावली. मी हसलो. म्हटलं, काकी, चौदा दाहे किती हे तुले सांगायले यवतमाळहून नर्स कायले पाहिजे? एकशे...

"तोंड बंद ठेव," ती म्हणे. "मले येते. निंबाखालून उठली, त्याच रात्री बोटावर मोजलं होतं मी."

"मंग?"

ती पुढच्या सीटवर चढून बसली.

"मी शाळेतून उठली, तवा मले कोणीच असं म्हणलं नाई, की जाऊन ये, पुढचं आल्यावर सांगतो," ती म्हणे. "उजी म्हणली मले, पुढचं आल्यावर. ती येईपर्यंत थांबू दे ना मले."

मी जीप सुरू केली अन् तिले घरी सोडलं.